गुरुवारचा कॉर्नब्रेड : अलाबामातल्या एका खानावळीचा काही महिन्यांचा अनुभव

उत्तर अलाबामात, हंट्सविलपासून गाडीने पाऊण तासावर असलेल्या एका छोट्या गावात, कोर्टाच्या इमारतीसमोरच्या चौकात एक जुनी खानावळ आहे. २०२४ च्या दिवाळीच्या सुमारास कामानिमित्त माझे त्या गावात जाणे-येणे सुरू झाले आणि तेव्हापासून दुपारचे जेवण मी बहुधा तिथेच घेतो. हा अभिप्राय मी मागच्या हिवाळ्यात लिहिला असता, तर पाचपैकी पाच तारे देऊन मोकळा झालो असतो. आता तसे करता येत नाही, आणि त्याला कारण एकच आहे : तिथला कॉर्नब्रेड, म्हणजे मक्याच्या पिठाचा पाव, बदलला. खानावळीचे नाव मी देत नाही, कारण जे सांगायचे ते मालकांना समोरासमोर सांगून झाले आहे आणि माझ्या नाराजीपायी एका कुटुंबाच्या पोटावर पाय यावा अशी माझी इच्छा नाही.

अमेरिकेच्या दक्षिणेत राहणाऱ्या मराठी मंडळींना 'मीट अँड थ्री' हा प्रकार समजावून सांगायला नको. मांसाचा एक पदार्थ, तीन भाज्या, पाव आणि गोड गार चहा असे हे ठरलेले ताट असते. मॅकरोनी-चीज भाज्यांच्या यादीत छापलेले असते आणि त्यात इथे कोणालाच काही वावगे वाटत नाही. आमच्या या खानावळीत सोमवारी मीटलोफ, मंगळवारी चिकन अँड डम्पलिंग्ज, बुधवारी पांढऱ्या ग्रेव्हीतला कंट्री फ्राइड स्टेक, गुरुवारी तळलेली कोंबडी आणि शुक्रवारी कॅटफिश असा क्रम असतो आणि तो सहसा चुकत नाही. हे सगळे साडेतेरा डॉलरांत मिळते, चहा त्यातच धरलेला असतो आणि तो संपला की न मागता पुन्हा भरला जातो. हमरस्त्यावरच्या साखळी हॉटेलांत तेवढ्याच पैशांत एक बर्गर आणि बटाट्याच्या काड्या मिळतात व पेयाचे पैसे वेगळे मोजावे लागतात, त्यामुळे हिशेबाने पाहिले तरी ही जागा सोडण्यासारखी नाही. दार सकाळी साडेदहाला उघडते आणि दुपारी दोनला बंद होते, परंतु साडेबारानंतर भेंडी मिळेल याची खात्री धरू नये.

भेंडीचा उल्लेख आधी आला हे योग्यच झाले, कारण मराठी माणसाला या स्वयंपाकाशी जोडणारा पहिला दुवा तोच आहे. तिचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करतात, ते ताकात बुडवतात, मक्याच्या पिठात घोळतात आणि कडकडीत तेलात तळतात. त्यामुळे भेंडीचा बुळबुळीतपणा पूर्णपणे जातो आणि आतला हिरवा गर मात्र कोवळाच राहतो. दुसरा दुवा चवळीचा. वर्षाच्या पहिल्या दिवशी चवळी आणि भात, सोबत कोलार्डची पालेभाजी आणि कॉर्नब्रेड खाण्याची इथे रीत आहे : चवळी म्हणजे नाणी, पालेभाजी म्हणजे नोटा आणि कॉर्नब्रेड म्हणजे सोने असे मानतात. चवळी मूळची पश्चिम आफ्रिकेतली. गुलाम करून आणलेल्या माणसांबरोबर ती या किनाऱ्यावर पोहोचली आणि भेंडीही त्याच वाटेने आली. शुक्रवारचा कॅटफिश बहुधा याच राज्याच्या पश्चिम भागातल्या तळ्यांतला असतो, कारण शेततळ्यातल्या कॅटफिशच्या उत्पादनात मिसिसिपीनंतर अलाबामाचाच क्रमांक लागतो. तो ताजा, घट्ट आणि मातकट वास नसलेला मिळतो, एवढे सांगणे पुरेसे आहे.

आता मूळ मुद्दा. जुना कॉर्नब्रेड कसा होत असे हे मी खिडकीतून अनेकदा पाहिले आहे, कारण इथल्या मुदपाकखान्याची अर्धी भिंत उघडी आहे. बिडाचे जाड तवे, ज्यांच्या पाठीवर लॉज हे नाव ओतलेले आहे, आधी रिकामेच भट्टीत ठेवत. १८९६ साली सुरू झालेला हा कारखाना शेजारच्या टेनेसी राज्यातल्या साउथ पिट्सबर्गमध्ये आहे आणि त्याच गावात १९९७ पासून दर वर्षी कॉर्नब्रेडचा राष्ट्रीय महोत्सव भरतो. तवा धूर येण्याइतका तापला की त्यात बेकनची चरबी सोडायची, ती सगळीकडे फिरवायची आणि पांढऱ्या मक्याचे पीठ, ताक, अंडे, मीठ व सोडा यांचे सरसरीत मिश्रण त्यात एकदम ओतायचे. ओतताक्षणी जो चर्र आवाज होतो, त्याच क्षणी खालची पापडी तयार होत असते. वीस-पंचवीस मिनिटांनी तवा लाकडी पाटावर उलटा केला की तपकिरी, कुरकुरीत, जवळजवळ काचेसारखी वाजणारी ती बाजू वर येई आणि आतला भाग मऊ, किंचित आंबूस आणि वाफाळता असे. साखरेचा कण नसे, गव्हाचे पीठही जवळपास नसेच. बिडाची उष्णता, ताकाची आंबट चव आणि मक्याचा स्वतःचा वास, एवढ्यावर तो तुकडा उभा होता.

ताटातल्या बाकीच्या पदार्थांना अर्थ येतो तोही याच तुकड्यामुळे. कोलार्डची भाजी तासन् तास शिजवल्यावर भांड्याच्या तळाशी जे हिरवट, खारट पाणी उरते त्याला इथे पॉट लिकर म्हणतात आणि ते वाटीत वेगळे देतात, त्याचे पैसे घेत नाहीत. हे पाणी कॉर्नब्रेडशिवाय नुसते पिणारे विरळाच. १९३१ साली लुइझियानाचे तेव्हाचे गव्हर्नर ह्यूई लाँग आणि अटलांटाचे एक वृत्तपत्र यांच्यात मक्याचा पाव या पाण्यात बुडवून खावा की कुस्करून खावा यावर वाद झाला होता आणि तो अनेक दिवस वर्तमानपत्रांच्या रकान्यांत गाजला. लाँग बुडवणाऱ्यांच्या बाजूचे होते. मी कुस्करणाऱ्यांच्या बाजूचा आहे, कारण कुस्करल्यावर कुरकुरीत पापडीचे तुकडे शेवटपर्यंत दाताखाली येत राहतात आणि वाटीत काहीही वाया जात नाही. टेबलावर हिरव्या मिरच्या घातलेल्या व्हिनेगरची बाटली असते. त्याचे चार थेंब पडले की ही वाटी संपूर्ण जेवणावर मात करते.

२०२५ च्या मार्चमध्ये एके दिवशी त्या तुकड्याच्या जागी कागदी पेल्यात भाजलेला पिवळा मफिन आला. तो गोड होता, कोरडा होता, त्याला पापडी नव्हती आणि पॉट लिकरमध्ये टाकताच त्याचा लगदा झाला. मी वाढणाऱ्या बाईंना विचारले. त्या वयाने माझ्या आईएवढ्या आहेत आणि इथल्या रिवाजाप्रमाणे प्रत्येक गिऱ्हाइकाला हनी म्हणून हाक मारतात. त्यांनी सांगितले, "हनी, आता रोज हेच मिळेल. तुम्ही मालकांशीच बोला." मालक गल्ल्यावरून उठून माझ्या टेबलापाशी येऊन बसले, ही त्यांची सभ्यता मी नोंदवतो. त्यांचे म्हणणे असे की अंड्यांचे भाव परवडेनासे झाले आहेत, आणि ते खोटे नव्हते : बर्ड फ्लूमुळे कोट्यवधी कोंबड्या मारल्या गेल्या होत्या आणि त्याच महिन्यात अमेरिकेत एक डझन अंड्यांची सरासरी किंमत ६.२३ डॉलर या विक्रमी आकड्यावर पोहोचली होती. शिवाय मुदपाकखान्यातल्या ज्येष्ठ स्वयंपाकीणबाईंचे गुडघे दुखू लागल्यामुळे त्या आठवड्यातून एकच दिवस येणार होत्या, आणि जड तवे भट्टीतून काढून उलटे करण्याचे काम नवी मुले करायला तयार नव्हती. नव्या मिश्रणात फक्त पाणी घालायचे असते, त्याला ना अंडी लागतात ना ताक. मी ऐकून घेतले, कारण अडचण खरी होती. परंतु साडेतेरा डॉलर तेवढेच राहिले आणि ताटातली सर्वांत चांगली गोष्ट गेली, हे मला तेव्हाही पटले नाही आणि आजही पटत नाही.

गोड कॉर्नब्रेड मुळातच चुकीचा, अशी ठाम समजूत या भागातल्या अनेक लोकांची आहे आणि सुरुवातीला मीही त्याच सुरात बोलत होतो. नंतर वाचन झाले, लोकांशी बोलणे झाले आणि माझे मत थोडे बदलले. दक्षिणेतल्या अनेक कृष्णवर्णीय कुटुंबांत कॉर्नब्रेडमध्ये साखर घालण्याची पद्धत पिढ्यान् पिढ्यांची आहे आणि त्यांच्या रविवारच्या जेवणात तो असाच असतो. काही अन्न-इतिहासकारांचे मत असे आहे की दगडी जात्यावर दळलेल्या पिठात मक्याचा अंकुर राहत असल्याने त्याला स्वतःची गोडी होती. विसाव्या शतकात रोलर मिलचे, टिकाऊपणासाठी अंकुर काढलेले पीठ सर्वत्र मिळू लागले, तेव्हा ती गेलेली चव भरून काढण्यासाठी साखर व गव्हाचे पीठ आले. हे खरे मानले तर साखर ही पिठातल्या उणिवेवर शोधलेली युक्ती ठरते आणि तिच्यावर रागावण्यात अर्थ उरत नाही. त्यामुळे माझी तक्रार आता साखरेपुरती नाही. मिश्रण गोड असो वा नसो, ते तापलेल्या बिडात पडले पाहिजे आणि त्याला खालून पापडी आली पाहिजे. कागदी पेल्यात ती कधीच येणार नाही.

याच सुमारास आई सोलापूरहून आमच्याकडे राहायला आली आणि माझ्या मतात आणखी एक गाठ पडली. आई माळकरी आहे. तिला घेऊन जाण्यापूर्वी मी प्रत्येक पदार्थाची चौकशी केली, आणि या भागात राहणाऱ्या सर्व शाकाहारी मराठी वाचकांना मी कळकळीने सांगतो की त्यांनीही करावी. फलकावर भाजी असे लिहिलेले असले तरी कोलार्ड, फरसबी, पिंटो बीन्स आणि चवळी या चारही भांड्यांत धुरी दिलेले डुकराचे हाड असते. भेंडी ज्या तेलात तळतात त्याच तेलात कोंबडी व मासाही तळतात. पॉट लिकर अर्थातच त्याच भाजीचे. मी ज्याचे एवढे गुणगान केले तो जुना कॉर्नब्रेडही बेकनच्या चरबीत होत असल्यामुळे आईला चालण्याजोगा नव्हता. उरले ते कोबीचे कोशिंबिरीसारखे स्लॉ, लोणी घातलेले रताळे, कापलेले टोमॅटो, व्हिनेगरमधले बीट, मॅकरोनी-चीज आणि तो नवा मफिन. त्यातल्याही स्लॉच्या मेयोनीझमध्ये अंडे आणि आईला अंडे चालत नसल्यामुळे तेही बाद झाले. मॅकरोनीत मात्र फक्त चीज, दूध आणि लोणी असते असे मुदपाकखान्यातून कळले. मफिनच्या मिश्रणाची पिशवी वाढणाऱ्या बाईंनी आतून आणून दाखवली आणि मी त्यावरचे घटक एकेक करून वाचले : त्यात वनस्पती तेल होते, प्राण्याची चरबी नव्हती. ज्या पदार्थाने माझे जेवण बिघडवले होते, तोच आईला विनासंकोच खाता आला.

टेबलावर सोर्घम सिरपची बाटली होती, ती आईने उघडून पाहिली. गोड ज्वारीचे हिरवे धांडे चरकातून काढतात आणि तो रस उथळ कढईत तासन् तास आटवून हा दाट, तपकिरी पाक करतात. टेनेसी व केंटकी या राज्यांत शरदात अजूनही हे काम चालते. अमेरिकेत ही गोड ज्वारी १८५० च्या दशकात आली आणि गुळासारखी घराघरांत वापरली जाऊ लागली. आईने बोटावर थेंब घेऊन चाखला आणि म्हणाली, "अरे, ही तर काकवी. आणि ज्वारीची म्हणतोस? आपल्याकडे एवढी ज्वारी पिकते, पण धांडे जातात जनावरांपुढे." मालदांडीच्या मुलखातून आलेल्या बाईला ज्वारीची काकवी अलाबामात भेटावी, याचे मला खरोखर आश्चर्य वाटले आणि आनंदही झाला. तिने मफिन त्यात बुडवून खाल्ला आणि दुसरा मागितला. मफिनविषयी माझे मत त्यामुळे बदलले नाही, परंतु तो यादीतून पूर्णपणे काढून टाकावा ही माझी मागणी मी त्या दिवसापासून सोडून दिली.

स्वयंपाकीणबाईंविषयी थोडे लिहिणे आवश्यक आहे, कारण या जागेची किंमत मालकांच्या गल्ल्यापेक्षा त्यांच्या हातात आहे. दक्षिणेतल्या अशा असंख्य मुदपाकखान्यांत कृष्णवर्णीय स्त्रियांनी रांधले आणि त्यांनाच समोरच्या खोलीत बसून जेवण्याची मुभा नव्हती, हा इतिहास अलाबामात फार जुना नाही. बर्मिंगहॅममधल्या ओलीज बार्बेक्यू या कौटुंबिक हॉटेलात कृष्णवर्णीय गिऱ्हाइकांना बसू देत नसत, त्यांनी अन्न बांधून घेऊन जायचे असा दंडक होता. उपाहारगृहांतल्या अशा वर्णभेदाला बंदी घालणारा १९६४ चा नागरी हक्क कायदा आपल्याला लागू होत नाही, असे म्हणत मालक न्यायालयात गेले. त्याच वर्षी १४ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की हॉटेलच्या एकूण खरेदीपैकी सुमारे ४६ टक्के माल, म्हणजे तिथले मांस, राज्याबाहेरून येत असल्यामुळे त्याचा आंतरराज्य व्यापाराशी संबंध येतो आणि म्हणून केंद्राचा हा कायदा त्यालाही लागू आहे. त्याआधी, बसमधल्या वर्णभेदाविरुद्ध माँटगोमेरीत झालेल्या बस बहिष्काराच्या काळात जॉर्जिया गिलमोर यांनी न्यायालयात साक्ष दिली म्हणून त्यांची एका उपाहारगृहातली स्वयंपाक्याची नोकरी गेली. त्यांनी घरी रांधलेले पदार्थ विकून चळवळीसाठी पैसा उभा केला, आणि देणाऱ्यांची नावे उघड होऊ नयेत म्हणून सोबत रांधणाऱ्या बायकांच्या गटाला 'क्लब फ्रॉम नोव्हेअर' असे नाव ठेवले. आमच्या खानावळीतल्या बाई सत्तरीच्या आहेत. हे सगळे त्यांच्या बालपणातले आहे. त्यांच्या हातचे बंद करून पिशवीतले मिश्रण आणणे हा माझ्या दृष्टीने निव्वळ खर्चाच्या हिशेबाचा प्रश्न राहत नाही, आणि म्हणूनच मी एका पावाच्या तुकड्यावर इतके लिहितो आहे.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. गोड चहा सुरुवातीला मला पिववत नव्हता. आता मी निम्मा बिनसाखरेचा मिसळून घेतो आणि तसे मागितले तर कोणी नाक मुरडत नाही. कार्डाने पैसे दिल्यास तीन टक्के जास्त लावतात, आणि ही सूचना दारावर नसून गल्ल्यामागे बारीक अक्षरांत चिकटवलेली आहे, जे मला अजिबात आवडले नाही. तेव्हा रोख न्यावे. ती वाचलेली रक्कम टिपमध्ये घालावी असा माझा आग्रह आहे, कारण अलाबामात राज्याचा स्वतःचा किमान वेतनाचा कायदा नाही आणि टिप मिळवणाऱ्यांसाठी केंद्राने ठरवलेला तासाला २.१३ डॉलरचा दर १९९१ पासून तसाच आहे. जेवण बांधून नेऊ नये : फोमच्या डब्यात वाफ कोंडते आणि तळलेल्या कोंबडीची साल अर्ध्या वाटेतच नरम पडते. उन्हाळ्यात पीच कॉब्लर असेल तर जरूर घ्यावे, कारण तेव्हा पीच चिल्टन परगण्यातले येतात, जिथल्या क्लँटन गावात पाण्याची टाकीसुद्धा पीचच्या आकाराची आहे. इतर ऋतूंत ते डबाबंद फळाचे असते. त्याऐवजी बनाना पुडिंग बरे.

सध्याची स्थिती अशी आहे. स्वयंपाकीणबाई गुरुवारी येतात, त्या दिवशी तवे भट्टीत जातात आणि तळलेल्या कोंबडीसोबत जुना कॉर्नब्रेड मिळतो. त्याची पापडी पहिल्यासारखीच आहे. गावातल्या लोकांना हे कळले असल्यामुळे गुरुवारी साडेअकराला रांग दारापर्यंत आलेली असते, त्याआधी पोहोचावे. उरलेले दिवस मफिन. अंड्यांचा भाव उन्हाळ्यात बराच खाली आला, तेव्हा मी मालकांना पुन्हा विचारले आणि या वेळी त्यांनी फक्त माणसांच्या टंचाईचे कारण दिले. मी त्यांना सांगितले की ताटाचे साडेचौदा डॉलर करा, तो वरचा डॉलर तवे उचलणाऱ्या मुलाला द्या आणि स्वयंपाकीणबाईंना बसून शिकवू द्या; मी तो डॉलर देईन आणि माझ्या टेबलावर बसणारी माणसेही देतील. त्यांनी विचार करतो असे सांगितले आहे. तोपर्यंत माझी नोंद गुरुवारला पाच तारे आणि इतर दिवसांना साडेतीन अशी राहील. सोबत शाकाहारी माणूस असेल तर वाराचा फरक पडत नाही. रताळे, टोमॅटो, बीट आणि मॅकरोनी-चीज मागवावे आणि सोर्घमची बाटली टेबलावर नसेल तर मागून घ्यावी.